बिस्मथ टेल्युराइडच्या पंप-प्रोब आलेखातला दोन पिकोसेकंदांचा उतार नेमका कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. (पंप-प्रोब म्हणजे एका लेसर पल्सने, पंपाने, नमुना उत्तेजित करायचा आणि थोड्या वेळाने येणाऱ्या दुसऱ्या पल्सने, प्रोबने, त्याचं परावर्तन किती बदललं ते मोजायचं.) विचारणारे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात आहेत. चिकटपट्टीने सोललेला बिस्मथ टेल्युराइडचा पापुद्रा काचेच्या स्लाइडवर घेतलाय, जाडी ६० नॅनोमीटर. लेसर ८० मेगाहर्ट्झचा टायटॅनियम-सफायर, पल्स १०० फेमटोसेकंदांचे, पंप आणि प्रोब दोन्ही ८०० नॅनोमीटरचे, पंपाचा ठिपका २० मायक्रॉन व्यासाचा. परावर्तनातला बदल शून्य वेळेला झपकन खाली येतो, दोन पिकोसेकंदांत बराचसा सावरतो, त्यावर १.८६ टेराहर्ट्झच्या सुरेख लहरी दिसतात आणि मग एक शेपूट उरतं, ते ३०० पिकोसेकंदांनंतरही शून्यावर येत नाही. सरांचं म्हणणं, दोन पिकोसेकंद म्हणजे इलेक्ट्रॉन-फोनॉन (इलेक्ट्रॉनांनी फोनॉनांना, म्हणजे अणूंच्या कंपनांना, ऊर्जा देणं), शेपूट म्हणजे लॅटिस (अणूंची जाळी) थंड होणं. रिव्ह्यूअरने एका ओळीत विचारलंय, 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' शिवाय पंपाची पॉवर २ वरून १५ मिलिवॉट केली की लहरींची वारंवारिता १.८३ पर्यंत उतरते. ते 'प्रकाशाने बंध सैल झाल्यामुळे' असं लिहावं का, हा उपप्रश्न.

रिव्ह्यूअर बरोबर आहे, हे आधी सांगून टाकतो. घातांकी फिट मारला की एक आकडा मिळतो, आणि आकड्यावर प्रक्रियेचं नाव लिहिलेलं नसतं. २ पिकोसेकंद हा कालावधी या पदार्थात किमान तीन वेगवेगळ्या गोष्टींना शोभतो.

पहिली गोष्ट सरांची. पंपाचा पल्स इलेक्ट्रॉनांना वर ढकलतो, ते आपापसांत टकरून शंभरेक फेमटोसेकंदांत एका तापमानाला येतात (तुमच्या पल्सने हा भाग दिसणारच नाही, तो पल्सच्या रुंदीतच गडप होतो) आणि मग लॅटिसला ऊर्जा देत थंड होतात. इलेक्ट्रॉनांचं एक तापमान, लॅटिसचं दुसरं, हे चित्र सोव्हिएत शास्त्रज्ञ कागानोव्ह, लिफ्शित्स आणि तनातारोव्ह यांनी १९५७ साली धातूंसाठी मांडलं. १९८७ मध्ये फिलिप अ‍ॅलनने थंड होण्याच्या त्या वेगातून इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीचा आकडा कसा काढायचा ते दाखवलं. तेव्हापासून लोक दिसेल त्या उताराला अ‍ॅलनचं सूत्र लावत सुटलेत. सूत्र धातूंचं होतं, हे सोयीस्कर विसरलं जातं.

दुसरी गोष्ट, वाहकांचा, म्हणजे पंपाने उत्तेजित केलेल्या इलेक्ट्रॉनांचा आणि त्यांच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागांचा (होल), प्रसार. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश बिस्मथ टेल्युराइडमध्ये जेमतेम दहा-पंधरा नॅनोमीटर शिरतो. एका क्विंटपल थराची (पाच अणुथरांचा एक गठ्ठा) जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे वरचे दहा-पंधरा थरच उजळले आणि तुमच्या ६० नॅनोमीटरच्या पापुद्र्याचा खालचा मोठा भाग अंधारात राहिला. उत्तेजित वाहक खाली पसरणारच, आणि पसरले की प्रोबला ते कमी दिसणार. किती वेळात? अंतराचा वर्ग भागिले प्रसार-गुणांक. १५ नॅनोमीटर आणि सेकंदाला १ वर्ग सेंटिमीटर घेतलं तर उत्तर येतं सव्वादोन पिकोसेकंद! आणि १ वर्ग सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही, खोलीच्या तापमानाला वाहकांची गतिशीलता चाळीसेक (वर्ग सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद) असली की तेवढा प्रसार-गुणांक मिळतो. तेव्हा एकही इलेक्ट्रॉन थंड न होतासुद्धा तुमचा दोन पिकोसेकंदांचा उतार दिसू शकतो.

तिसरी गोष्ट, गरम झालेले फोनॉन. यावर जरा थांबतो, कारण थरांच्या पदार्थांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 'इलेक्ट्रॉनांनी लॅटिसला ऊर्जा दिली' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सगळी लॅटिस एकदम गरम झाल्याचं चित्र असतं. ग्रॅफाइटमध्ये तसं होत नाही, हे २००५ मध्ये काम्पफ्राट आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये दाखवलं. तिथे इलेक्ट्रॉनांची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा पहिल्या ५०० फेमटोसेकंदांतच निघून जाते, पण जाते ती मोजक्या, घट्ट जोडलेल्या प्रकाशीय फोनॉनांकडे. घरात दहा माणसं असताना सगळा पगार दोघांच्याच हाती पडावा तसं. मग ते दोघे फोनॉन आणि इलेक्ट्रॉन जवळपास एकाच तापमानाला अडकून बसतात, आणि पुढची घसरण ते फोनॉन बाकीच्या लॅटिसला किती वेगाने वाटप करतात यावर ठरते. म्हणजे काही पिकोसेकंदांचा जो उतार लोक इलेक्ट्रॉन-फोनॉन म्हणून छापतात, तो ग्रॅफाइटमध्ये खरं तर फोनॉन-फोनॉन असतो. बिस्मथ टेल्युराइडमध्ये फोनॉनांच्या ऊर्जा फार कमी असल्यामुळे ही अडवणूक तेवढी तीव्र नसावी असं माझं मत आहे, पण मत वेगळं आणि मोजमाप वेगळं.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात तर कथाच निराळी. तिथे इलेक्ट्रॉन-होल जोडून एक्सायटॉन बनतात, घनता वाढली की दोन एक्सायटॉन भेटून एक नाहीसा होतो, शिवाय दोषांमध्ये अडकणं आहेच. त्या पदार्थावरच्या पेपरातले 'टाऊ-वन, टाऊ-टू' (फिटमधून आलेले कालावधी) उचलून आपल्या तक्त्यात तुलनेला घालू नका.

आता या तिघांतला खरा कोण, हे कसं ओळखायचं. पॉवर बदलून पाहणं सगळ्यात स्वस्त, आणि ते तुम्ही अर्धं केलेलंच आहे. ढोबळमानाने, दोन कणांच्या भेटीतून होणारं पुनर्मीलन असेल तर पॉवर वाढवल्यावर उतार जलद होतो. इलेक्ट्रॉनांचं किंवा अडकलेल्या फोनॉनांचं थंड होणं असेल तर बहुधा मंदावतो. निव्वळ प्रसार असेल तर फारसा हलत नाही. पण निर्णायक चाचणी जाडीची आहे. त्याच चिकटपट्टीवरचे आठ-दहा थरांचे पापुद्रे शोधा. पापुद्रा प्रकाश शिरण्याच्या खोलीपेक्षा पातळ असला की वाहकांना खाली पसरायला जागाच नाही. दोन पिकोसेकंदांचा उतार तिथे गायब झाला किंवा बराच लांबला, तर तो प्रसार होता. जशास तसा राहिला, तर सरांच्या बाजूने एक मत. थरांच्या पदार्थाचा हा फायदा आहे, जाडी आपण चिमटीने निवडू शकतो. तांब्याच्या ठोकळ्यावर काम करणाऱ्याला ही चैन नाही.

प्रोबचा रंगही बदलून बघा. परावर्तन खाली आलं म्हणजे 'वाहक वाढले' असा थेट अर्थ नसतो. बदलाचं चिन्ह प्रोबच्या तरंगलांबीवर अवलंबून असतं, ८०० ला खाली जाणारा संकेत दुसऱ्या रंगाला वर जाऊ शकतो. बीबीओ स्फटिक (प्रकाशाची वारंवारिता दुप्पट करणारा) टेबलावर असेलच, ४०० चा प्रोब करून घ्या. दोन रंगांना तोच कालावधी आला तर त्यामागे एकच प्रक्रिया असण्याची शक्यता वाढते. आणि दोघांचे रंग वेगळे झाले की पंपाचा विखुरलेला प्रकाश फिल्टरने अडवता येतो, हा वरचा लाभ.

फिट कुठून सुरू करता तेही तपासा. पंप आणि प्रोब एकाच रंगाचे असले की शून्य वेळेला दोघांचा व्यतिकरण होऊन एक टोकदार काटा उगवतो. त्याचा नमुन्याशी काही संबंध नसतो. ध्रुवीकरण काटकोनात ठेवा आणि पहिले तीनशे फेमटोसेकंद फिटमधून वगळा. वगळल्यावर तुमच्या दोन पिकोसेकंदांचे पावणेतीन झाले, तर मूळ आकड्यात काट्याचा वाटा होता.

आता शेपूट. 'लॅटिस थंड होणं' हे स्थूलमानाने खरं आहे, आणि इथे आकडेमोड तुमच्या बाजूने आहे. थरांना लंब दिशेने या पदार्थाची उष्णतावहनक्षमता फारच कमी, मीटर-केल्विनला एक वॉटच्या आत-बाहेर. त्यावरून उष्णता २० नॅनोमीटर खाली झिरपायला अर्ध्या ते एक नॅनोसेकंदाचा हिशेब लागतो. ३०० पिकोसेकंदांत शून्यावर न येणं अगदी अपेक्षित आहे. मात्र या शेपटात उष्णतेसोबत ताणही मिसळलेला असतो. वरचे थर अचानक गरम झाले की फुगतात आणि एक ध्वनिलहर खाली सोडतात. ती सेकंदाला सुमारे २६०० मीटर वेगाने, म्हणजे पिकोसेकंदाला २.६ नॅनोमीटर, काचेपर्यंत जाऊन परत येते. ६० नॅनोमीटरसाठी जाऊन-येऊन साधारण ४६ पिकोसेकंद. तुमच्या आलेखात ४६ च्या आसपास एखादा हलकासा उंचवटा आहे का बघा. असला तर तो फुकटात मिळालेला जाडीमापक आहे, आणि एएफएमने (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) मोजलेल्या जाडीशी तो जुळला तर रिव्ह्यूअरला दाखवायला यापेक्षा देखणी गोष्ट नाही.

पण शेपटावर विश्वास ठेवण्याआधी एक काम करा. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मला चाळीस पिकोसेकंदांचा एक अतिशय गुळगुळीत घटक सापडला होता. प्रत्येक नमुन्यात यायचा, तापमानाने बदलायचा नाही. तीन आठवडे मी त्याच्यासाठी यंत्रणा रचत होतो, पृष्ठभागाच्या अवस्थांपर्यंत पोचलो होतो. मग एका सीनियरने येऊन डिले स्टेज (आरसे मागेपुढे नेऊन दोन पल्समधलं वेळेचं अंतर बदलणारा सरकता मंच) हाताने सरकवली आणि पंपाच्या वाटेवर दूर धरलेल्या कागदावरचा ठिपका बोटाने दाखवला. स्टेज सरकेल तसा ठिपका सरकत होता. ३०० पिकोसेकंद म्हणजे स्टेजचा साडेचार सेंटिमीटर प्रवास. बीम स्टेजला हजारात एका भागानेही तिरपा असला, तर तेवढ्यात तो ९० मायक्रॉन बाजूला सरतो. बीम उत्तम समांतर असेल आणि नमुना नेमका फोकसमध्ये असेल तर निभावतं, पण तसं क्वचितच असतं. २० मायक्रॉनच्या ठिपक्यांचं एकमेकांवर बसणं हळूहळू बिघडतं आणि आलेखात सुंदर घातांकी घसरण उमटते. नमुन्याच्या जागी छोटं भोक असलेली पत्री ठेवा, स्टेज पूर्ण फिरवा, पलीकडे येणारी पॉवर मोजा. दोन टक्क्यांहून जास्त बदलली तर शेपटाबद्दल एक ओळही लिहू नका.

लहरींकडे वळू. १.८६ टेराहर्ट्झ म्हणजे ६२ वेव्हनंबर (एका सेंटिमीटरमागे किती लहरी, हे रामनवाल्यांचं वारंवारितेचं माप), आवर्तनकाल ५४० फेमटोसेकंद. हा पहिला ए-वन-जी मोड, क्विंटपल थर स्वतःच्याच मध्याभोवती श्वास घेतल्यासारखा आकसतो-फुगतो तो. याबद्दल शंका नको. तो इतका ठळक का दिसतो, याचं उत्तर झायगर आणि सहकाऱ्यांच्या १९९२ च्या पेपरात आहे. पंपाने इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलली की अणूंची समतोलाची जागाच एकदम सरकते. अणू मात्र जुन्याच जागी असतात, त्यामुळे ते नव्या जागेभोवती झुलू लागतात. झोक्यावर बसलेल्या पोराला धक्का न देता झोक्याची फांदीच कुणीतरी हातभर पुढे नेली, तर पोरगं झुलेलच, तसं. यात झुलण्याची सुरुवात टोकापासून होते, म्हणून लहर कोसाइनसारखी असते. तुम्ही फेज तपासली आहे असं लिहिलंय, पण शून्य वेळ कशी ठरवली ते लिहिलं नाही. २० फेमटोसेकंदांची चूक म्हणजे इथे १३ अंशांची चूक, आणि २० फेमटोसेकंद म्हणजे स्टेजचे फक्त तीन मायक्रॉन. मघाशी ज्याला शिव्या दिल्या तो शून्यावरचा काटा या कामाला मात्र उपयोगी. दोन्ही ध्रुवीकरणं समांतर करून त्याचं टोक नोंदवून ठेवा.

दुसरा ए-वन-जी १३४ वेव्हनंबरवर आहे, आवर्तनकाल २५० फेमटोसेकंद. १०० फेमटोसेकंदांच्या पल्सने तो दिसायला हवा, पण मिणमिणता. तुमच्याकडे तो अजिबात नाही, याचा अर्थ नमुन्यावर पोचेपर्यंत पल्स १०० चा राहिलेला नाही, अशी मला दाट शंका आहे. मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्हमधली काच पल्सला ताणते. १०० च्या पल्सला ती एकटी फारसं बिघडवत नाही, पण वाटेतला आयसोलेटर, मॉड्युलेटर, ध्रुवक हे सगळं मिळून बिघडवतं. पल्सची रुंदी लेसरच्या तोंडाशी मोजून उपयोग नाही, नमुन्याच्या जागी मोजा.

लहरींच्या ओसरण्याला फोनॉनचं 'आयुष्य' म्हणू नका. ओसरते ती एकत्र झुलण्यातली शिस्त. शिस्त मोडली तरी ऊर्जा फोनॉनांत शिल्लक असू शकते. रामन रेषेच्या रुंदीशी ताडून पाहा, ५ पिकोसेकंदांत ओसरणारी लहर म्हणजे सुमारे २ वेव्हनंबरची रुंदी. विभागातलं रामन यंत्र वापरणार असाल तर आधी फिल्टर कुठे कापतो ते विचारा. बऱ्याच ठिकाणी तो शंभरच्या आसपास कापतो आणि ६२ चा मोड दिसतच नाही, मग मुलं घाबरून नमुना खराब समजतात.

राहिला १.८३ चा उपप्रश्न. इथे मी तुम्हाला थांबवतो. १५ मिलिवॉट भागिले ८० मेगाहर्ट्झ म्हणजे पल्सला १९० पिकोज्यूल, २० मायक्रॉनच्या ठिपक्यावर वर्ग सेंटिमीटरला ६० मायक्रोज्यूल. यातला ४० टक्के शोषला गेला असं धरलं तर एका पल्सने वरची लॅटिस दहा-वीस अंशांनी तापते. हे झालं एका पल्सचं. पण पुढचा पल्स साडेबारा नॅनोसेकंदांत येऊन ठेपतो आणि काच उष्णता नेत नाही. सहा मिलिवॉट त्या ठिपक्यात सतत मुरतायत. काचेची वहनक्षमता १.२ धरून साधा हिशेब केला तर ठिपक्याच्या मध्यभागी तापमान खोलीपेक्षा सुमारे दीडशे अंशांनी वर निघतं! तुम्ही खोलीच्या तापमानाचं बिस्मथ टेल्युराइड मोजतच नव्हता. पॉवर वाढवली तसा नमुना तव्यावर चढला आणि मोड मऊ झाला, हे सरळ स्पष्टीकरण आधी खोडून काढल्याशिवाय 'प्रकाशाने बंध सैल' हे वाक्य लिहू नका.

खोडायचं कसं? तोच पापुद्रा सफायरवर घ्या. सफायर उष्णता काचेच्या तीसेक पट नेतो, दीडशेचे चार-पाच अंश होतात. वारंवारिता तरीही उतरली तर मामला रंजक आहे. सफायर नसेल तर पॉवर २ मिलिवॉटच ठेवून नमुना हीटरवर १५० अंशांपर्यंत न्या आणि मोडची घसरण नोंदवा. तोच उतार मिळाला तर प्रश्न मिटला. आणखी एक खूण लहरीतच असते. सरासरी उष्णतेमुळे मोड मऊ झाला असेल तर वारंवारिता पहिल्या आवर्तनापासून शेवटपर्यंत एकसारखी कमी असते. उत्तेजित वाहकांमुळे झाला असेल तर सुरुवातीला कमी असते आणि वाहक ओसरतील तशी वर सरकते. त्यासाठी आलेख पहिल्या तीन पिकोसेकंदांचा आणि नंतरचा असा तोडून वेगवेगळा फिट करा. फूरिये रूपांतरावर इथे विसंबू नका, १० पिकोसेकंदांच्या खिडकीचं विभेदन ०.१ टेराहर्ट्झ आणि तुम्ही भांडताय ०.०३ साठी.

तुमच्या आकृतीत पंप येण्याआधीचा भाग शून्यावर बसवलेला दिसतो. तो फिटच्या आधी वजा केलात का? ८० मेगाहर्ट्झच्या लेसरमध्ये तो भाग शून्य नसतो, आधीच्या पल्सची उरलेली उष्णता तिथे बोलत असते. पॉवरसोबत तो किती वाढतो हे काढलंत तर वरच्या दीडशे अंशांच्या हिशेबाला तुमच्याच डेटातून आधार मिळेल, नवं मोजमाप न करता. वजाबाकीआधीच्या फाइल्स लॉक-इनच्या (बारीक संकेत मोजणाऱ्या यंत्राच्या) संगणकावर अजून असतील तर आजच पेनड्राइव्हवर घ्या. आमच्याकडे त्या संगणकाची डिस्क दर पावसाळ्यात एकदा बसते.